दुखऱ्या पायाची शर्यत
(नभोवाणीवरील भाषण)

शर्यतीविषयी बोलण्याचा अधिकार वास्तविक ती जिंकणाऱ्याचा. मी आजवर एकही शर्यत जिंकलेली नाही. इतकेच नव्हे, तर जिच्यासाठी मी गेली दोन वर्षे तयारी करीत आहे, त्या शर्यतीच्या आरंभरेषेवर अद्याप माझे पाऊलदेखील पडलेले नाही. तरीही आपणांपुढे बोलण्याचे धार्ष्ट्य करीत आहे, याचे कारण एवढेच, की विजयाच्या कथा आपण पुष्कळ ऐकतो; पण दुखावलेला पाय घेऊन घरी बसलेल्या आणि पुन्हा उठून धावू पाहणाऱ्या सामान्य माणसाची हकीकत सहसा कोणी सांगत नाही. अशी माणसे मात्र प्रत्येक गल्लीत एखाददुसरे तरी सापडेल.

मी कामोठ्यास राहतो. पनवेलच्या अलीकडे, जेथे एकेकाळी भाताची खाचरे होती तेथे सिडकोने वसविलेले हे उपनगर. एका अंगास शीव-पनवेल महामार्ग, दुसऱ्या अंगास हार्बर मार्गावरील मानसरोवर स्थानक आणि त्याच्या आसपास खाडीकाठची खारफुटी. मुंबईत दर वर्षी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी जी मॅरेथॉन शर्यत होते, तिचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. हे अंतर आम्हां कामोठेकरांस नकाशा काढून समजावून द्यावे लागत नाही. मानसरोवर स्थानकापासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत, म्हणजे जुन्या माणसांच्या बोरीबंदरापर्यंत, लोहमार्ग जवळजवळ तेवढाच आहे. जो प्रवास गाडीत उभ्याने करताना आम्ही सव्वा तास कुरकुरतो, तोच आपल्या पायांनी करावयाचा, असा या शर्यतीचा सरळ अर्थ आहे.

ही शर्यत मराठी माणसाला नवी नाही. १९२० साली अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांत मॅरेथॉन धावण्यासाठी हिंदुस्थानातून जे दोघे गेले, त्यांची नावे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. चौगुले बेळगावचे. त्या वर्षी मार्ग नेहमीपेक्षा लांब, म्हणजे सुमारे पावणेत्रेचाळीस किलोमीटरांचा होता. चौगुल्यांनी तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत तोडला आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातारांना मात्र ती शर्यत पुरी करता आली नाही. चौगुल्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो आणि दातारांचे सहसा घेत नाही. मीही पूर्वी घेत नसे. शर्यत पुरी न होणे म्हणजे काय, हे स्वतःला कळल्यापासून मात्र मी ही दोन्ही नावे एका श्वासात घेऊ लागलो आहे.

आता माझी हकीकत. ती शौर्याची नाही, उतावळेपणाची आहे. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर मला धावण्याचा छंद लागला. आठवड्यास पंचवीस किलोमीटर धावणे अंगवळणी पडले होते. गेल्या वर्षी ऑक्टोबरात पाऊस ओसरताच वाटले, जानेवारी जवळ आली, आता वेग धरला पाहिजे; आणि तीन आठवड्यांत ते अंतर मी पन्नासावर नेले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसे झाले. बाशिंग मात्र गुडघ्याच्या जरा खाली, नडगीवर बांधले गेले. आरंभी धावणे संपल्यावर तेथे दुखे. मग धावताना दुखू लागले. मग जिना उतरताना. वेदनाशामक गोळ्या घेऊन मी आणखी दोन आठवडे रेटले आणि एके सकाळी स्थानकावर पोहोचेपर्यंत लंगडू लागलो.

क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही. हे ऐकून मला आनंद झाला, डॉक्टरांना झाला नाही. अशा दुखण्यात पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरण चित्र पुष्कळदा निर्दोषच दिसते, असे त्यांनी सांगितले. मग एमआरआय झाला आणि नडगीच्या हाडात केसासारखी चीर आढळली. कोठे पडलो नव्हतो, कशावर आदळलो नव्हतो. मग हाड चिरले कसे?

श्रोतेहो, यातील शास्त्र मोठे मनोरंजक आहे आणि धावणाऱ्याने ते आधी जाणून घेणे बरे. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार जमिनीकडून पायावर येतो. आणि मॅरेथॉनमध्ये अशी पावले चाळीस हजारांच्या आसपास पडतात. या भाराने हाडात सूक्ष्म झीज होतच असते. हाड ही खुंटीप्रमाणे निर्जीव वस्तू नाही. त्यातील काही पेशी झिजलेला भाग पोखरून काढतात आणि दुसऱ्या पेशी तेथे नवे, अधिक बळकट हाड भरतात. पण पोखरण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते आणि भरण्यास महिने लागतात. आमच्या कामोठ्यात नळ घालण्यासाठी रस्ता खणतात तो चार दिवसांत आणि बुजवितात तो चार महिन्यांनी. तसाच हा प्रकार. भार एकाएकी वाढविल्यावर काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा बळकट नव्हे, तर दुबळे असते. नेमक्या त्याच वेळी आपण त्यावरून आणखी जड वाहतूक सोडली, तर रस्ता खचणारच.

यात खरी गोम अशी, की फुप्फुसे, हृदय आणि रक्त ही मंडळी फार लवकर शिकतात. तीन-चार आठवड्यांच्या सरावात दम वाढल्याचे माणसाला स्वतःलाच जाणवते. स्नायूंना थोडा अधिक वेळ लागतो. स्नायू हाडाला बांधून ठेवणाऱ्या कंडरांना रक्ताचा पुरवठा बेताचा, त्यामुळे त्या आणखी मंद. हाड तर या वर्गातील सर्वांत संथ विद्यार्थी. दम म्हणतो, चला. हाड म्हणते, थांबा. पण दमाचा आवाज मोठा आणि हाडाचा अगदी बारीक, म्हणून आपण दमाचेच ऐकतो.

हा धडा मला पहिल्या दुखण्याने शिकविला असता तर बरे झाले असते. पण मी तो दुसऱ्यांदा फी भरून शिकलो. जानेवारीची शर्यत हुकली. दोन महिने धावणे बंद होते, पण उत्साही माणूस स्वस्थ कसा बसेल? घरातल्या घरात स्थिर सायकल चालवून मी दम टिकवून ठेवला आणि त्याचा मला मोठा अभिमान वाटत होता. फेब्रुवारीच्या अखेरीस दुखणे थांबले. डॉक्टरांनी प्रथम चालण्यास सांगितले होते. मी पहिल्याच रविवारी दहा किलोमीटर धावलो. श्वास लागला नाही, पाय दुखला नाही. घरी येऊन मी विजयी वीरासारखा दोन कप चहा प्यालो. तिसऱ्या आठवड्यात त्याच जागी, अगदी बोटाच्या टोकाखाली झाकेल एवढ्याच ठिकाणी, ती जुनी कळ परत आली. माझा दम सायकलीने जपला होता. हाड कोणी जपले होते? त्याच्या दृष्टीने मी दोन महिने रिकामा बसलेला मनुष्य होतो आणि एकदम दहा किलोमीटरांचे ओझे घेऊन त्याच्या दारात उभा राहिलो होतो.

पुन्हा विश्रांती. आणि त्यातच जूनमध्ये, पहिल्या पावसात, ओल्या गॅलरीत माझी आई घसरून पडली. तिचे वय चौऱ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आत धातूची सळई बसली. आणि दुसऱ्याच दिवशी तिला दोघींनी धरून उभे केले. मी चकित झालो. ज्या हाडाला नुसती चीर गेली त्याला महिनोन्महिने जपावयाचे आणि जे मोडूनच गेले त्याच्यावर दुसऱ्या दिवशी उभे राहावयाचे, हा कोणता न्याय?

आईला व्यायाम देण्यासाठी घरी येणाऱ्या तरुण मुलीने याचा उलगडा केला. ती म्हणाली, "काका, आजींच्या हाडाचा भार सळईने उचलला आहे. त्यांना झोपवून ठेवले तर हाडापेक्षा इतरच संकटे येतील. छातीत कफ साठेल, पायात रक्ताच्या गुठळ्या होतील, पाठीला जखमा होतील. आणि विश्रांती म्हणजे निजून राहणे हे तुम्हांला तरी कोणी सांगितले? हाडाला भार हवाच असतो. फक्त त्याला पेलेल तेवढा."

हे सोपे वाक्य माझ्या दोन वर्षांच्या खटाटोपाचे सार आहे. पडणाऱ्या भाराप्रमाणे हाड आपली घडण बदलते, हा सिद्धांत जर्मन शल्यवैद्य युलियुस वोल्फ यांनी १८९२ साली मांडला. अंतराळात गेलेल्या माणसांच्या पायांवर भारच नसतो, म्हणून त्यांच्या काही हाडांची घनता दर महिन्यास सुमारे एक टक्क्याने घटते. म्हणजे भार फार झाला तर हाड चिरते आणि मुळीच नसला तर विरते. या दोहोंमधील वाट शोधणे, याचेच नाव सराव.

जुलैपासून आमच्या घरात दोन खेळाडूंचा सराव सुरू झाला. सकाळी साडेपाचला आई वॉकर धरून इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये फेऱ्या घाली आणि मी समोरच्या रस्त्यावर. आरंभी तीन आठवडे मी नुसता चाललो. पाऊण तास झपाझप चालूनही दुखत नाही, अशी खात्री झाल्यावर एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे, असे सहा वेळा. तेही एक दिवसाआड. पुढे दोन मिनिटे धावणे, तीन मिनिटे चालणे. स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या कालनिर्णयावर आईच्या फेऱ्या आणि माझी मिनिटे शेजारीशेजारी लिहिली जात. पहिल्या आठवड्यात आई विचारी, "आज किती धावलास?" मी म्हणे, "सहा मिनिटे." ती म्हणे, "मी अकरा फेऱ्या केल्या." आणि घरातील सर्वजण तिच्याकडे कौतुकाने पाहात.

या काळात जे नियम मला उपयोगी पडले, ते थोडक्यात सांगतो. पहिला, दुखण्याची जात ओळखावी. कंडरेच्या दुखण्यात व्यायाम करताना किंचित दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमले, तर बहुधा चालते. हाडाच्या चिरेत मात्र किंचितही दुखणे चालत नाही. त्या दिवशी तेथेच थांबावे. दुखणे सर्व नडगीभर पसरलेले आहे, की एकाच बिंदूशी आहे, हेही बोटाने चाचपून पाहावे. एकाच बिंदूशी असेल तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे. दुसरा नियम, गोळी घेऊन धावू नये. दुखणे हा निरोप आहे; निरोप्याचे तोंड बांधल्याने बातमी बदलत नाही. शिवाय लांबच्या धावण्यात शरीरातील पाणी घटलेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांनाही बाधतात.

तिसरा नियम, पिंढरीचे बळ वाढवावे. धावण्याचा पुष्कळसा भार पिंढरीचे स्नायू झेलतात. ते थकले म्हणजे तो हाडावर पडतो. जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभे राहून टाचा सावकाश वरखाली करणे आणि आपल्या तालमीतल्या जुन्या बैठका, एवढ्याने काम भागते. त्यासाठी यंत्रे लागत नाहीत. चौथा नियम, ढांग आखूड आणि पावले अधिक. वेग तोच ठेवून मिनिटाची पावले शेकडा पाच ते दहा वाढविली, तर गुडघ्यावरील भार कमी होतो.

पाचवा नियम पोटाचा आहे आणि तो विशेषतः आपल्या मुलींसाठी सांगतो. जेवण कमी आणि धावणे अधिक, असे चालले म्हणजे शरीर हाडांच्या डागडुजीचा खर्च प्रथम बंद करते. मुलींची मासिक पाळी अनियमित होणे ही त्याची ठळक खूण होय. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुषांतही आढळते, हे सांगितले. धावणारी मुलगी बारीक होत चालली म्हणून शेजारीपाजारी कौतुक करीत असतील, तर तिच्या आईने जरा सावध व्हावे.

कोणी म्हणेल, हे सर्व आम्हां हौशी माणसांचे चोचले. खरे खेळाडू दुखणे अंगावर काढूनच मोठे होतात. त्यांनी बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा या गावी जन्मलेल्या अविनाश साबळे यांची कालगणना पाहावी. सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती होऊन सियाचीनच्या बर्फात नोकरी केलेला हा शेतकऱ्याचा मुलगा. सोसण्याची शक्ती त्याच्यात कमी होती, असे कोण म्हणेल? पण २०१८ साली घोटा दुखावला आणि त्या वर्षीची जाकार्ता येथील आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वर येथे त्यांनी तीन हजार मीटरांची अडथळ्यांची शर्यत ८ मिनिटे २९.८० सेकंदांत जिंकून गोपाळ सैनी यांचा १९८१ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२० साली दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये त्यांनी २१ किलोमीटरांचे अंतर १ तास ३० सेकंदांत तोडले. त्यापूर्वी कोणा भारतीयाने ते इतक्या लवकर तोडले नव्हते. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक आणि २०२३ साली हांगझौ येथे आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळाले. मग जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे धावताना गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमधील टोकियोच्या जागतिक स्पर्धेला मुकावे लागले. जाकार्ता हुकली म्हणून हांगझौ हुकले नाही, हे मला यात महत्त्वाचे वाटते. स्पर्धांच्या तारखा माणसे ठरवितात. हाडामांसाच्या तारखा कोणत्याच समितीला ठरविता येत नाहीत, मग तो पाय विक्रमवीराचा असो की कामोठ्याच्या कारकुनाचा.

आता शेवटचा आणि माझ्यापुरता कठीण प्रश्न. आज नोव्हेंबर संपत आला आहे. जानेवारीच्या शर्यतीसाठी मी नाव नोंदविले आहे, पैसे भरले आहेत. माझी सर्वांत लांब धाव सध्या सोळा किलोमीटरांची आहे आणि पाय एकदाही दुखलेला नाही. दर आठवड्यास थोडे अंतर वाढवावे आणि तीन आठवड्यांनंतर चौथ्यात ते मुद्दाम कमी करावे, या रीतीने गेले तर वर्षअखेर मी फार तर बावीस किलोमीटरांपर्यंत पोहोचेन. शर्यत बेचाळीसांची. मधले वीस किलोमीटर कोठून आणावयाचे? दम म्हणतो, मी आणतो. हेच तो गेल्या फेब्रुवारीतही म्हणाला होता.

डॉक्टरांनी निर्णय माझ्यावर सोपविला. मी दहा दिवस कोणाला काही बोललो नाही. पन्नाशीनंतरच्या माणसाला पुढच्या वर्षावर हवाला ठेवणे जड जाते; पुढच्या वर्षी हाच पाय, हीच उमेद, हीच सवड असेल याची हमी कोण देणार? कचेरीतील मित्रांना मी दोन वर्षे या शर्यतीच्या गोष्टी सांगत आलो आहे. त्यांचे हसू मला आतापासूनच ऐकू येत होते. शेवटी एका संध्याकाळी आईपाशी विषय काढला. ती आता वॉकर सोडून काठीवर आली आहे. मटार सोलता सोलता ती म्हणाली, "अरे, शर्यत दर वर्षी येते. पाय काय दर वर्षी नवे येतात?" एवढे बोलून ती पुन्हा मटार सोलू लागली.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यातील मुंगी कधी नीट पाहिली नव्हती. ती हळू चालते, पण थांबत नाही आणि आपल्याला पेलेल तेवढेच ओझे उचलते. दुखावलेल्या धावपटूने याहून मोठा वस्ताद शोधू नये.

तेव्हा श्रोतेहो, या जानेवारीत मी शर्यतीत धावणार नाही. त्या रविवारच्या पहाटे पेडर रोडच्या चढावर, जेथे थकलेल्या पायांची खरी परीक्षा होते तेथे, उभा राहून टाळ्या वाजवीन. आईलाही यावयाचे आहे. मानसरोवर स्थानकाचे जिने चढण्याचा सराव तिने सोमवारपासून धरला आहे. नव्या वर्षाचे कालनिर्णय आमच्याकडे आले आहे. त्यातील जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या चौकोनात मी लिहिले आहे: टाळ्या. आणि त्याच्या खालीच, आदल्या दिवशीच्या चौकोनाकडे बाण काढून: बारा किलोमीटर, सावकाश, कामोठे.